टँकरला सायलेन्सर बसवा

सुमीच्या बापास,

तुमच्या आईला घेऊन तेरच्या दवाखान्यात चालले. दुरडीत भाकरी हाय, पाणी तेवढं न्हाय.

सायलेन्सर तुटल्यापासून तुमचा टँकर लांबूनच ऐकू येतो. आवाज आला की आपल्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रस्त्याकडं पळत्यात. तुमी न थांबता सोसायटीच्या चेअरमनच्या मोसंबीला पाणी घालाया जाता. मग समद्या माझ्या तोंडाकडं बघत्यात.

आज आईबी पळाल्या आन पडल्या. गुडघा फुटला, तरी म्हनल्या, "त्याला आमच्या हाका ऐकू आल्या नसतील गं, गाडीच लई वाजती."

चेअरमनला न्हाय म्हननं तुमच्यानं व्हायचं न्हाय. निदान सायलेन्सर तरी बसवून घ्या. म्हंजी बाया पळायच्या न्हाईत.

कौसल्या