फिरती ढाल आता कुठं जात नाही

सर, ढाल आपली झाली. कायमची. तुमच्याच बैठकीत, त्याच खिळ्याला अडकवून आत्ताच आलोय. हाताला अजून चिंचेचा वास आहे, पितळ चिंचेनंच घासायचं हे तुम्हीच शिकवलं होतं. सलग तीन वर्षं जिंकली की फिरती ढाल परत द्यावी लागत नाही. तुमच्या हयातीत दोनदा हातची गेली. परवा मिळाली, पण सुखासुखी नाही.

शाळेमागचं मैदान गेलं सर, तिथं आता गाळे आहेत. मी कॉलेज मधेच सोडून शहराबाहेर शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागलो (तुम्ही असता तर कान उपटला असता), माझ्या मागं संघातली सगळी पोरं तिथंच लागली. मालकानं यंदा आवारात कबड्डीला जागा दिली, शर्ट दिले. अट एकच, संघाला गल्लीचं नाही, कारखान्याचं नाव. दिलं. त्याच नावानं फायनल मारली, आणि ढाल हातात येणार तेवढ्यात हरलेल्या संघाचा मॅनेजर टेबलावर येऊन उभा. "साहेब, ह्यो गेल्या साली जिंकलेला संघच नाय. त्यो गल्लीतला होता, ह्यो शेंद्र्याचा. नावबी नवं. ह्यांचं पहिलं साल धरा." माझं डोकं फिरलं. खुर्ची उचललीच होती मी. आणि नेमकं तेव्हा, तसल्या गर्दीत, तुम्ही आठवलात.

मी नववीत आहे. असंच टेबल आहे. मारामारीबद्दल लासूर स्टेशनच्या संघावर बंदी आहे, आणि तीच पोरं शहरातल्या एका मंडळाच्या नावानं नवे शर्ट घालून उतरलीत. "आम्ही आता शहरातले, नवा संघ हाय," त्यांचा कॅप्टन छाती काढून सांगतोय. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवता. "शाब्बास. मग आज रात्री जेवणार कुठं?" तो म्हणतो, घरी. "आणि घर?" तो नव्या शर्टाची बाही चाचपतो. "संध्याकाळची गाडी धरून लासूरलाच ना? मग बाळा, शर्ट नवा आहे, संघ जुनाच. बंदीही त्याच्यासोबत आली." मी खो खो हसतो तशी तुम्ही मला टपली मारता. "हसू नको. उद्या आपल्यालाही कुणी हेच विचारील."

खुर्ची खाली ठेवली सर. टेबलापुढं जाऊन म्हणालो, "आमची पोरं रात्री जेवतात कुठं, तेवढं विचारा." मॅनेजर फिदीफिदी हसला. "का रे, भूक लागली का?" पण टेबलामागं एक पोट सुटलेला पंच होता, तो हसला नाही. लासूरचा तोच कॅप्टन! "विचारायलाच पायजे," तो म्हणाला. "ह्याच्या सरांनी मला लई लोकांत विचारलं होतं, अजून विसरलो नाय. जुना संघ म्हणून बंदी आमच्या मागं आली ना? मग ढाल ह्यांच्या मागं का येऊ नये?" मग एकेका पोराला उभं करून विचारलं. उत्तर एकच, आपली गल्ली. शेवटच्यानं तर आज घरी मटणाचा खिचडा आहे हेही सांगून टाकलं. मॅनेजर आपल्या चपला शोधायला लागला. हलगी कडाडली, आणि आम्ही ढाल डोक्यावर घेऊन गुलमंडीवरून असे नाचत आलो, की पोलिसानंसुद्धा शिट्टी ठेक्यात वाजवली.

तुमच्या घरी काकूंनी ढालीला ओवाळलं. तुमची धाकटी लेक दारातच उभी होती. म्हणाली, "आता परत द्यायची नाय म्हणतात. म्हणजे रोज पुसायला यायचं तुझं निमित्तबी कायमचं झालं का?" पंचांपुढं धडाधडा बोलणारा मी, तिथं उगाच ढालीची कड पुसायला लागलो.

एक सांगायचं राहिलं. मालकानं आम्हाला शेंद्र्यातच खोल्या देऊ केल्या होत्या, मेससकट. पोरं तयार होती. मीच अडवलं, हातवारे करून भाषण ठोकलं, "गल्ली सोडली तर संघ संपला." पोरांना वाटतं मी तुमचा नियम पाळला. खरं सांगू? तेव्हा नियम आठवलाही नव्हता. शेंद्र्याहून परतताना तुमचं दार लागतं, एवढंच डोक्यात होतं.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होतो. पण फोटो रोज तीच पुसते. म्हणून सध्या शर्टाच्या खिशातच राहू देतो.