जिभेखालची गोळी

१० फेब्रु., सोम.
दवाखान्यातला बाक भरला! जळगावात मेहरूणच्या या गल्लीत व्यसन सोडायची गोळी घ्यायला कोण येणार, असं घरमालक म्हणत होता. आज दोघांना उभं राहावं लागलं. शोभा सिस्टर गोळ्या देता देता घामाघूम. प्रत्येकाने गोळी इथेच, आमच्यासमोर जिभेखाली धरायची आणि विरघळेपर्यंत गप्प बसायचं. गिळली की बहुतेक वाया. इतकं साधं.

पण भागवत. चोपड्याकडचा, केळीचे घड कापणाऱ्या टोळीतला. खांदा दुखतो म्हणून नशा चढणाऱ्या वेदनाशामक कॅप्सूल सुरू झाल्या, आता त्यांच्याशिवाय उभं राहवत नाही. आमची गोळी रोज घेतोय, तरी संध्याकाळी नाक गळतं, अंग मोडून येतं. डोस वाढवला. तेच. काय चुकतंय...

११, मंगळ.
भा.चे वडील आबा आज थेट केबिनमध्ये. "तुमनी गोळी खाईसन बी मना पोर्‍या तडफडस. शनवार लगून देखसू, नहीते लई जासू."

शनिवारपर्यंत वाट बघणार, नाहीतर पोराला घेऊन जाणार. कुठे, तेही सांगितलं. धुळ्याच्या पलीकडे कुणीतरी आहे, कोंडून ठेवून व्यसन उतरवतो म्हणे. कोंडून सुटलेला माणूस पहिल्याच दिवशी जुन्या मापाने कॅप्सूल घेतो, आणि शरीराला ते माप झेपेनासं झालेलं असतं. जीव जातो आबा, असं स्पष्ट म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, बस्स. राग आला. त्याहून जास्त भीती वाटली.

शो. सिस्टरना वाटतं, भा. लपून कॅप्सूल घेतोय. पण तपासणीत काही नाही. मग?

१३, गुरु.
सापडलं!!

चहाला बाहेर आले. भा. दारासमोरच्या बाकावर, गोळी तोंडात. एक म्हातारे आत आले, त्याच्याच गावचे नाना, नातवाला घेऊन. भा. झटक्यात उठला, घोट गिळला, "राम राम, नाना!" आणि खाली बसला. गोळी गेली पोटात. मी तिथेच उभी. थोड्या वेळाने दुसरे एक काका. पुन्हा उठला, पुन्हा राम राम. रोज असंच चाललं असणार! दारासमोर बसवलेला माणूस, येणारा प्रत्येक जण वडीलधारा, आणि मी डोस वाढवत बसलेय.

"अरे, गिळू नको म्हटलं होतं ना?"
"मॅडम, नाना समोर उभा शे अन् मी तोंड धरीसन बसू?"

हसावं की डोकं फोडावं. हसलेच. शो. सिस्टर तर पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

१४, शुक्र.
खुर्च्या मागच्या खोलीत. तिथे जाणाऱ्या दारात आबांना बसवलं, कारण समजावून. माणूस कामाला लागला की बघावं! कुणी आत डोकावलं की हेच ओरडतात, "राम राम, राम राम! पोर्‍याना राम राम बी मनाच समजी घ्या, त्यानी गोळी चालू शे." काल-परवापर्यंत हा माणूस पोराला पोटाच्या इलाजाला आणतो असं सांगायचा. भा. भिंतीकडे तोंड करून, कान लाल. डोस पुन्हा खाली आणला.

१५, शनि.
आबांची मुदत आज. आले, म्हणाले, "रातले दोन भाकरी खाधी. झोपना बी." बस, मला नाचावंसं वाटलं! भा.ने मात्र खांदा चाचपत विचारलं, टोळीत परत कधी जाऊ. चेहरा उजळ दिसतोय.

मग आबांनी विचारलं, गोळी कव्हय बंद व्हई? खोटं बोलवेना. वर्ष लागेल, कदाचित जास्त. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ते सोडी अन् हे धरं." उत्तर दिलं, लांबलचक. पोहोचलं की नाही, कोण जाणे.

२२, शनि.
आठवडा झकास. भा. रोज हजर, वजन वाढतंय. आज मात्र आबा एकटेच आले. म्हणाले, बठ्ठा भाऊबंद विचारतस, पोर्‍या रोज जळगावले कसाले जास. वर्षभर काय सांगू त्यांना? सोमवारी धुळ्याकडे नेतोय. गाडी ठरली. भा.ला विचारलं का? "त्याले काय इचारनं."

मी भांडले, सरळ भांडले. आबा उठून गेले.

संध्याकाळी फोन. भा.चा. आवाज दबलेला. "मॅडम, उद्या दवाखाना उघडा ऱ्हाई का?"
उद्या रविवार. बंद असतो; रविवारची गोळी शनिवारीच इथे देतो, आणि आज तो आलाच नव्हता.
"राहील," म्हटलं. "आबांबरोबर येतोस?"
"आबाले माहीत नही मी फोन करेल शे. मी एकटाच ई ऱ्हायनू."

शो. सिस्टरना कळवलं, त्याही येतायत. एवढा आनंद झालाय की जेवण जाईना. उद्या तो गोळी घेईल. सोमवारी गाडी दारात येईल, तेव्हा आबांसमोर तोंड त्यालाच उघडावं लागणार.