फोन तुटला त्याची हकीकत

लिवाडे, ९ फेब्रुवारी

चि. रुम्याना हिस,

इकडे सर्व ठीक. तुमचंही तिकडे स्पेनमध्ये बरं चाललं असेल, असं धरून चालतो. तुझी आई ठणठणीत आहे. बटाटे तळघरात शाबूत आहेत.

तू त्या बाजेवाल्याशी लग्न केलंस, तेव्हा मी चारचौघांत सांगितलं होतं, की यापुढे हिच्याशी फोनवर एक शब्द बोलणार नाही. पत्राबद्दल काही बोललो नव्हतो.

बर्फाने तारा पडल्यात. गावात वीज नाही. आईच्या फोनची बॅटरी तर कधीचीच गेलेली. वायर लावलेली असेल तोवरच त्याच्यात जीव. रविवारी तुझ्या फोनची वेळ झाली, तशी तिने रडायला सुरुवात केली. शेवटी शेजारच्या मेथोदीने त्याची सायकल आमच्या स्वयंपाकघरात आणली, मागचं चाक स्टँडवर उचललं आणि डायनामोला फोन जोडला. पेडल मारलं की वीज. पण मेथोदीला दमा. उरलो मी.

"मी तिच्याशी बोलणार नाही," मी बजावलं.

"तुला बोल म्हणतंय कोण? तू पाय हलव!" आई म्हणाली.

म्हणजे तू बोललीस ती माझ्या विजेवर. जावयाचं कौतुक चाललं होतं तेव्हा तुझा आवाज जरा खोल गेला असेल. चढ लागला असावा.

मग तू म्हणालीस, मुलगा होणार आहे आणि त्याचं नाव स्तामेन ठेवणार. माझं नाव. तिथेच फोन तुटला.

आई सांगेल, बर्फामुळे. तसं नाही. मी थांबलो. "मेल्या, पेडल मार!" म्हणून ती ओरडत होती, पण पाय हलेचनात. मेथोदी खाली बघत म्हणाला, "साखळी निसटली वाटतं." साखळी जागेवरच होती. भला माणूस आहे.

गाईला बघून येतो म्हणून मी गोठ्यात गेलो. बराच वेळ बसलो. गाईने माझं तोंड चाटलं, मीठ लागलं असेल तिला.

स्तामेन हे नाव काही खास नाही. शाळेत पोरं फार चिडवायची मला. पण ठरवलंच आहे तर आता बदलू नका.

तारा कधी जोडतील देव जाणे. पत्र मिळालं की पुढच्या रविवारी दुपारी फोन कर. पेडल आई मारेल.

तुझा,
बाबा