कपाटातलं झाड

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दुकान ठीक चाललं आहे. गणवेशांचे दिवस असल्यामुळे पुढच्या खोलीत कापडाचे ढीग पडलेत आणि मशीनची खडखड दिवसभर चालू असते. लहानपणी मी शर्टाची गुंडी गिळली, तेव्हा हा पुढे शिंपीच होणार असं तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस. तुझं ते भाकीत अजून मला भोवतंय.

अण्णांच्या तब्येतीत फरक नाही. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचा नाही. डोळे उघडे असतात, पण ते माझ्याकडे बघतात की माझ्या पलीकडे, काही कळत नाही. दुपारी मी गिऱ्हाइकांत असतो तेव्हा शेजारच्या काकू मागच्या खोलीत त्यांच्याजवळ येऊन बसतात.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. तुझं पत्र नेहमीप्रमाणे त्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचत होतो. मध्येच कुणी हाक मारली म्हणून थांबलो, तर त्यांनी डावं बोट पलंगाच्या कडेवर दोनदा वाजवलं. तुला आठवतं ना, वर्गात धडा वाचताना कुणी अडखळलं की अण्णा टेबलावर असंच दोनदा बोट वाजवायचे. म्हणजे पुढे वाच. आज मी पुन्हा मुद्दाम थांबलो आणि पुन्हा वाजलं. मला वाटतं त्यांना सगळं कळतंय. पण मी पडलो जीवशास्त्रात काठावर पास झालेला, तेही वडील शिकवायला असून. तू आता तोच विषय शिकवतेस. तेव्हा तू सांग, तू म्हणशील ते मी धरून चालेन.

तुझं येणं जमेल का? माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
गुंडी


ता. ११ ऑगस्ट

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. गुंडी तू गिळलीस ती गिळलीस, वर ती परत मिळावी म्हणून रडलास, हे सांगायचं सोयीस्कर विसरलास.

बोटाचं वाचून मलाही आधी भरून आलं. मग शांतपणे विचार केला. गेल्याच आठवड्यात नववीला सजीवांची लक्षणं शिकवली. श्वसन, पोषण, वाढ, हालचाल, उत्सर्जन, प्रजनन आणि शेवटी चेतनाक्षमता. लाजाळूला हात लावला की पानं मिटतात, खिडकीतलं रोप उजेडाकडे वळतं. त्याला कुणी समज म्हणत नाही. आवाज बंद पडला की बोट हलणं हेही तसंच असू शकतं. मेंदूला एवढा मार बसल्यावर हात आपोआप हलतात. त्यावर आशेचे इमले बांधू नकोस. ते कोसळले तर सोसायचं तुलाच आहे. तेव्हा रोज वाचून वाचून घसा कोरडा करत बसू नकोस, माझी पत्रं मनातल्या मनात वाचलीस तरी चालेल. स्वतःला जप.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आहेत आणि या विषयाला शाळेत मी एकटीच. इतक्यात निघणं कठीण दिसतं. रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी,
ताई


ता. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं पटलं. त्यानंतरची तुझी पत्रं मी दुकानातच, मशीनपाशी उभ्या उभ्या वाचली. अण्णांना पेपर वाचून दाखवायचो तेही बंद केलं. बाकी त्यांचं सगळं वेळच्या वेळी होतं. अंग पुसतो, कूस बदलतो, भरवतो. बोलणं मात्र जवळजवळ थांबलं आहे. समोरच्याला कळतच नाही असं एकदा मनानं घेतलं की जीभ रेटत नाही.

आणि तुझंच खरं निघालं बघ. ते बोट आता वाजत नाही. बऱ्याच दिवसांत मी एकदाही ऐकलं नाही. म्हणजे ते नुसतंच आपोआप होत होतं. पहिल्यांदा फार वाईट वाटलं, पण तू वेळीच भानावर आणलंस ते बरं झालं. नाहीतर मी वेड्यासारखा वाचत बसलो असतो.

परीक्षांच्या धबडग्यात खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. धाकट्याची आठवण असू दे.

तुझा,
गुंडी


ता. ७ सप्टेंबर

गुंडी,

आशीर्वाद मागाहून. तुझं पत्र वाचलं. अरे, वाचन थांबलं की ते बोट वाजायचं. आता वाचनच नाही, तर ते वाजेल कशाला? उद्दीपन काढून घ्यायचं आणि वर प्रतिसाद नाही म्हणायचं, असं नववीतल्या पोरीनं लिहिलं तर मी तिला शून्य देईन. पण तू तरी काय करशील, तुला तसं सांगणारी मीच.

आजपासून वर्गात प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग आहे. त्यासाठी कुंडीतलं झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवावं लागतं, म्हणजे पानांत साठलेला स्टार्च झाड वापरून संपवतं. आज ते कपाटातून काढताना अण्णा आठवले. झाड आत ठेवताना ते त्याला सांगायचे की दोन दिवस कळ काढ, परवा तुला बाहेर घेतो. सगळा वर्ग हसायचा. मी त्याच वर्गात होते, मला मान वर करायची लाज वाटायची. एकदा घरी मी फणकाऱ्यानं विचारलं की झाडाला काय कळतं. तेव्हा ते म्हणाले की कळत नाही असंच मीही शिकवतो, पण त्याला कपाटात ठेवणारा मी, मग सांगायला माझं काय जातं. आणि मी त्यांना एका शब्दानं न सांगता अंधारात ठेवलं.

खरं सांगू? परीक्षांचं निमित्त होतं. त्यांना तसं पडलेलं बघायची मला भीती वाटत होती. त्या बोटाच्या मागे अण्णा आहेत हे मान्य केलं असतं, तर मला यावंच लागलं असतं.

हे पत्र हातात पडेल तसा त्यांच्याजवळ जाऊन बस. माझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाच. मध्येच थांब. काय होतं ते लगेच कळव. मी रजेचा अर्ज दिला आहे.

ताई


ता. १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान बंद करून वाचत बसलो. सगळी पत्रं वाचली, माझ्या चेष्टेसकट. दर परिच्छेदाला थांबलो. बोट हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. नाही हललं. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले की मधल्या काळात झोपेत आणखी एक लहानसा झटका येऊन गेला असणार, डाव्या हातातही आता जोर राहिलेला नाही. त्यांना ऐकू येतं का, कळतं का, हे सांगता येणार नाही म्हणाले.

काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की पोस्टमन यायचा, मी पत्र घेऊन मशीनपाशी जायचो, तेव्हा अण्णा कितीतरी वेळ पलंगाच्या कडेवर बोट वाजवायचे. त्यांना उकडत असेल असं वाटून त्या पंखा वाढवायच्या. मग एके दिवशी ते थांबलं. मधल्या दाराच्या अलीकडे मी तुझं पत्र वाचत होतो आणि पलीकडून ते पुढे वाच म्हणत होते. मशीनच्या खडखडीत मला ते ऐकू आलं नाही.

तुला बोल लावत नाही. तू लांब होतीस. मी चार पावलांवर होतो आणि डोळ्यांनी पाहिलेलं सोडून तुझ्या अक्षरावर विसंबलो. हे मला आता जन्मभर पुरेल. तू ये. एकट्याला ती खोली खायला उठते.

तुझा,
गुंडी


ता. १५ सप्टेंबर

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

इतकी वर्षं घरी पत्रं लिहिली, पण तुम्ही पडल्यापासून तुमच्या नावानं हे पहिलंच. मधली सगळी गुंडीला लिहिली, तुमच्याविषयी. तुम्ही त्याच घरात होतात. मला क्षमा करा असं लिहायलाही जीव धजत नाही.

प्रयोग नीट झाला. पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून झाड उन्हात ठेवलं होतं. पान तोडून उकळलं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढला आणि आयोडीन घातलं. पान निळंकाळं झालं, पट्टीखालचा भाग तेवढा फिकट पिवळा राहिला. एका मुलीनं विचारलं की पट्टी काढून पुन्हा उन्हात ठेवलं तर त्या भागातही स्टार्च तयार होईल का. मी म्हटलं, झाडावर असतं तर झाला असता, पण हे पान आता आपण उकळलं. ती हळहळली. मला पुढे शिकवता येईना, फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

झाड खिडकीत ठेवलं आहे. आता तुला कपाटात जायचं नाही असं त्याला सगळ्या वर्गासमोर सांगितलं. मुलं हसली. हसू दिलं.

शनिवारी मी पोचते. पोचल्यावर तुमच्या उशाशी बसून रोज वाचणार आहे. पेपर वाचेन, नववीच्या उत्तरपत्रिका वाचेन, त्यातल्या चुकांसकट. मी मध्येच अडखळेन, त्याला इलाज नाही. तुमचं बोट वाजलं नाही, तरी मी पुढे वाचेन.

तुमची,
मोठी