फळ्यावरचं नाव

शनिवार, २ नोव्हेंबर १९७४. संध्याकाळ.

आळीत दोन चोऱ्या झाल्यापासून रात्री गस्त घालणाऱ्या या मंडळाला फार जोर आला आहे. आज मारुतीच्या देवळापाशी त्यांचा फळा पाहिला. वर लिहिलं होतं, "यांच्यावर लक्ष ठेवावे." खाली पहिलंच नाव माझं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, म्हणून पुन्हा वाचलं. माझंच.

पारावरून रामू शिंपी ओरडला, "काय आबा, कुणाची कोंबडी मारली?" सगळे हसले.

मंडळाचा सेक्रेटरी शंकर, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, त्याला तिथंच फळ्यापाशी गाठलं.

"आवं आबा, तुमी एकटं ऱ्हाताय. काळजी घ्यायची म्हणून लिवलंय."

"मग 'यांच्याकडे लक्ष द्यावे' लिव की रं! लक्ष ठेवत्यात ते चोरावर."

"एका शब्दानं काय हुतंय?"

काय होतं? या आळीत म्हातारा झालो, कुणी बोट दाखवलं नव्हतं. मी बाहीनं माझं नाव पुसून टाकलं.

"पुसा," शंकर म्हणाला, "मग सकाळी हाक माराया कोण यायचं न्हाई."

म्हणजे आठवडाभर त्याची बायको दारातून "आबा, उठला का?" विचारते, ती मंडळाची ड्युटी! आणि मी खुळा, तिची चाहूल लागायच्या आधीच कडी काढून बसत होतो.

बाही किती झटकली तरी खडू जात नाही. मेलं ते मंडळ.

उद्या ती आली तर ओ द्यायची नाही, हे ठरलं. आलीच नाही तर काय करायचं, ते ठरत नाही.