सत्तर ग्रेनचा बार

॥ श्री ॥

बालाघाट, दि. १२ जानेवारी २०२५

चि. माणिक यास दादाचे अनेक आशीर्वाद.

ज्याच्या कृपेने हात कापत असतानाही अक्षर अजून ओळीत उभे राहते, त्या श्रीनारायणास वंदन करून लेखणी उचलतो. इकडे सर्व क्षेम; तुझे व चि. सौ. ललिताचे क्षेम चिंतितो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाइलवर लिहिता येत नाही, तेव्हा आपणा दोघा म्हाताऱ्यांना टपालच बरे.

विशेष म्हणजे, बाबांची रायफल पुन्हा उभी राहिली आहे. परवाना माझ्या नावावर होऊन दोन वर्षे झाली. पण फुटलेली नळी तशीच फडक्यात गुंडाळून पडली होती. येथले महागू मिस्त्री परवानाधारक कारागीर आहेत. त्यांनी नळीचा पुढचा फाटका भाग कापून काढला, मागची मूळ नळी तशीच ठेवली, शिसवीचा नवा दस्ता बसवला. एका वेळी एकच काडतूस घेणारी ती जुनी चाल कायम आहे. नात प्राची नेमबाजीच्या स्पर्धांना जाते, हे तू जाणतोसच. तिच्या मंडळाच्या मैदानावर दर रविवारी ती बार काढते आणि मी सोनाराच्या काट्यावर बारूद तोलून देतो. पन्नास ग्रेनपासून आरंभ केला आहे. दर खेपेस पाच वाढवायचे, प्रत्येक भाराचे पाच बार, आणि कागदावर भोके किती जवळ पडतात ते मोजायचे.

या वयात हा उद्योग कशाला, असे तू विचारशील. एकाहत्तरच्या दसऱ्याला ही रायफल तुझ्या हातात फुटली. तुझा उजवा कान गेला. वनरक्षकाची लागलेली नोकरी वैद्यकीय तपासणीत गेली. आणि माणिकने मस्तीत नव्वद ग्रेन भरले, असा निकाल बाबांनी दिला. बाबा कचेरीत नाझर होते, त्यांचा निकाल घरात कोणी उलटवीत नसे. मीही उलटवला नाही. ही रायफल खरोखर किती भार सोसते, ते डोळे मिटण्यापूर्वी पाहावे, एवढीच इच्छा आहे.

पन्नासचे पाचही बार पंजा पसरावा तसे विखुरले. पुढचे कळवीन. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
गुणाकर

*

वारासिवनी, दि. २७ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास माणिकचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ललितानं आधी फोडलं. दोन पानं पाहून घाबरली, दादाजीले काही झालं तर नाही ना, म्हणे. मी वाचलं आन् एकटाच हसत बसलो. मुंग्यांच्या रांगेपायी अंगणातली वाट बदलणारा मानूस बारूद तोलून राह्यला! प्राचीले सांग, आजोबाले बाराच्या वेळेस मंत्र म्हणू देऊ नको, तिचा नेम हलते.

तू विचारलं नाही, पन सांगतो. काडतुसात बारूद सैल ठेवायची नाही. वरून पुठ्ठ्याची चकती, ती दाबायची, मंग गोळी. मधात पोकळी राह्यली का भोकं कागदभर फिरते. काळी बारूद लई राख सोडते, म्हणून दर बाराच्या मागं ओलं फडकं नळीतून काढ, नाही तर तिसऱ्या बारापासून गोळी मनाले येईल तिकडं जाते. गोळीले चरबी लावतात. ते तुह्यानं होनार नाही. मेण आन् तिळाचं तेल घोटून लाव, चालते.

आन् भार म्हणशील तर सत्तर. बारूद मोजायच्या शिंगाच्या मापावर सत्तरची रेघ होती, तिच्यावर मी कधी गेलो नाही. त्या दिवशी बी नाही. तवा बाबाले सांगतलं, तुले बी सांगतलं. जाऊ दे, बाबा आता कुठं आहे.

डाव्या कानानं बी आता मौन धरलं. ललिता म्हणते, बरं झालं, आता भांडनात तीच जिंकते. मी तिच्या तोंडाकडं पाहून हौ हौ करतो. पैल्या पंधरवड्यात गोंदियाले गेलतो, दुसऱ्या डॉक्टरनं बी हात टेकले.

लोभ आहेच. नसता तर एवढं शिकवलं नसतं.

तुझा लहाना,
माणिक

*

॥ श्री ॥

बालाघाट, दि. ९ मे २०२५

चि. माणिक यास अनेक आशीर्वाद.

सत्य बोलण्यास लागणारे बळही त्याच्याच कृपेचे असते. ते मला उशिरा मिळाले, तरी मिळाले, म्हणून त्या दयाघनास नमस्कार करून मूळ विषयाकडे येतो.

तू सांगितलेस तसेच सर्व केले. पुठ्ठ्याच्या चकत्या कातरल्या, मेण आणि तीळतेल घोटले, दर बारानंतर ओले फडके ओढले. पंचावन्न आणि साठ सुमारच. पासष्टला भोके जवळ आली. सत्तरला पाचही भोके एका विड्याच्या पानाखाली झाकली; प्राचीने कागद उचलून मैदानावर सगळ्यांना दाखवला. पंचाहत्तरला पुन्हा पांगली. म्हणजे या नळीचा खरा भार सत्तर, तू म्हणत होतास तोच. आणि सत्तरचे चाळीस बार झाले तरी ती मूळ नळी केसभरही हलली नाही.

पुढे मी बाबांचे नव्वद ग्रेन भरून पाहावयास बसलो. माणिक, ते मावतच नाहीत. ऐंशीलाच काडतूस काठोकाठ भरते, गोळीला जागा उरत नाही. एक चमचा आणि एक रिकामे काडतूस, एवढ्यात त्याच दिवशी तुझी सुटका झाली असती. मी चोवीस वर्षांचा, नुकताच संस्कृतचा शिक्षक झालेला. मला ते करून पाहता आले असते. मी पाहिले नाही, कारण मला पाहावयाचे नव्हते.

आता जे लिहितो ते आजवर कोणासही सांगितलेले नाही. त्या खंडेनवमीला बाबा कचेरीतल्या पूजेला गेले होते आणि घरच्या शस्त्रांची पूजा माझ्याकडे होती. आपल्या घरी रायफलीला हळदकुंकू आणि एक फूल, एवढीच रीत. मला नव्या विद्येचा तोरा होता. मी वैनगंगेच्या पाण्याने मंत्रपूर्वक अभिषेक केला. पाणी नळीत जाऊ नये म्हणून तोंडाशी कापसाचा बोळा घातला आणि पेन्सिलीने आत सारला. पूजेनंतर रायफल पुसली, तेल दिले, आरती केली. बोळा आतच राहिला. तू नेहमी नळीतून उजेड पाहून मगच काडतूस घालीत असस. दसऱ्याच्या सकाळी पाहिले नाहीस, कारण रायफल देवापुढून, माझ्या हातून आली होती.

तू शेतात रक्ताने माखून पडला होतास, सगळे तुझ्याकडे धावले, आणि मला गवतात जळका कापूस दिसला. तो मी खिशात घातला. संध्याकाळी नदीत सोडला.

गुप्त पापास गुप्त प्रायश्चित्त शास्त्रात सांगितले आहे. त्याच्या आधाराने दर दसऱ्याला मी निर्जळी उपवास करीत आलो. तुम्ही सर्व त्याला माझे व्रत म्हणत होता. परंतु ती सवलत ज्याच्या पापाचा आळ दुसऱ्यावर गेलेला नाही त्यासाठी आहे, हे वाचलेले असूनही मी ती ओळ ओलांडून पुढे जात असे.

आणखी एक सांगतो, कारण ते तरुणपणाचे नाही, मागच्या महिन्याचे आहे. महागू मिस्त्रींनी कापलेला तुकडा हातात फिरवून सांगितले की जास्त बारुदाने रायफल फुटते ती मागे, काडतुसाच्या घरापाशी. ही नळीच्या तोंडापासून चार बोटांवर कड्यासारखी फुगून फाटली, म्हणजे पुढे काहीतरी अडकले होते. त्यांनी विचारले, चालवणाऱ्याने नळी मातीत टेकवली होती काय. मी म्हटले, असेल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गंध लावलेल्या कपाळाने, मी पुन्हा तुझ्यावरच ढकलले. त्या रात्री हे पत्र मनात सुरू झाले.

गाडीने पाऊण तासात तुझ्या दारी येता आले असते. समोर बसून हे सांगण्याचे धैर्य नाही, म्हणून कागद पाठवतो, हाही भित्रेपणाच. आज लोभ मागण्याचा अधिकार मला नाही. काय करू ते तू सांग.

गुणाकर

*

वारासिवनी, दि. २४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दादास सा. न. वि. वि.

आपले मे महिन्याचे पत्र वेळेवर पोहोचले. उत्तरास विलंब झाला, कारण उत्तर लिहावयाचे नव्हते. तीनदा लिहून फाडले. ललिता म्हणाली की फाडून फाडून कागद संपतील, एकदा काय ते लिहून मोकळे व्हा.

कापसाचे समजले. ते चुकून झाले. नळी पाहिली नाही, ती चूक माझी. तेवढे मी माझ्याकडे घेतो. लपवलेत, तेही समजू शकतो. बाबांपुढे उभे राहायला आपण सगळेच भीत होतो.

पन दादा, जानेवारीत मी तुले सत्तर म्हणून लिहून पाठवलं होतं. त्याच्या पैले, दवाखान्यात पट्ट्या बांधून पडलो होतो तवा बी सांगतलं होतं, तुह्या हाताले धरून सांगतलं होतं. तरी तू काटा घेऊन बसला. पन्नास, पंचावन्न, साठ. तू बारूद नाही तोलली, मले तोललं. बंदूक खरं बोलली तवा तुले भाऊ खरा वाटला. काहून? कापूस तर तुह्याच खिशात होता! कानाचं दुःख मी कवाचंच गिळलं. हे मात्र गेले तीन महिने गळ्याखाली उतरून नाही राह्यलं.

काय करू, असं विचारलं म्हणून सांगतो. माफी मले घरपोच नको. मी दवाखान्यात असतांनी बाबानं सगळ्या नातेवाइकाले कार्डं टाकली होती, माणिकच्या हाती हत्यार देऊ नका, त्याले जबाबदारी कळत नाही. त्या कार्डापायी माह्या सोयरिकी दोनदा मोडल्या. ललिताच्या बापानं ते कार्ड पाहिलं नव्हतं म्हणून मी संसारी झालो. राजेगावच्या गोदाबाई आत्या एक्यान्नव वर्षांच्या झाल्या, तरी लग्नात अनार लावायले मी काडी ओढली का ओरडतात, अरे, माणिकजवळची पेटी घ्या! सगळे हसतात. मी बी हसतो. मले ऐकू येत नाही, पन त्याहीचं तोंड दिसते.

तर बाबानं जेवढ्या घरी कार्ड टाकलं, तेवढ्या घरी तू पत्र टाक. आत्याच्या जिवात जीव आहे तवर टाक. ते पोहोचलं का मी काय करतो ते मी पाहीन. आताच काही कबूल करून नाही राह्यलो.

माणिक

*

॥ श्री ॥

बालाघाट, सर्वपित्री अमावास्या, दि. २१ सप्टेंबर २०२५

राजेगाव, कटंगी, गोंदिया, वारासिवनी व बालाघाट येथील आमच्या कुळातील सर्व लहानथोरांस गुणाकरचा यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

जो पतितालाही बोलण्यापुरता श्वास ठेवतो, त्या प्रभूच्या कृपेचे स्मरण करून, जी गोष्ट मी चोपन्न वर्षांपूर्वी सांगावयाची होती ती आज लिहितो.

१९७१ च्या दसऱ्याला आमच्या घरची रायफल फुटून माझा धाकटा भाऊ माणिक जखमी झाला. त्याने बारूद जास्त भरली, असे आमच्या वडिलांनी आपणा सर्वांस कार्डाने कळवले होते. ते असत्य आहे. वडिलांना ते असत्य आहे हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पूजेच्या वेळी नळीत कापूस मी घातला, तो काढावयास मी विसरलो, आणि अपघातानंतर तो जळका कापूस मी लपवला. माणिकने सत्तर ग्रेन भरले होते, आणि सत्तरच योग्य होते. हे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितले. त्याचा शब्द पुरेसा होता. तो काट्यावर घालण्याची गरज नव्हती. तरी मी घातला, हा माझा दुसरा अपराध.

या असत्याने त्याची नोकरी गेली असे म्हणता येणार नाही, ती कानामुळे गेली. परंतु त्याचे नाव गेले ते माझ्या मौनाने. वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत मी शास्त्र सांगत बसलो, आपण ऐकत राहिलात, आणि तो दाराशी चपला सांभाळणाऱ्यासारखा बसत आला. आज सकाळी वैनगंगेत उभे राहून वडिलांना तिलोदक देताना हे प्रथम त्यांना मोठ्याने सांगितले. घाटावरची चार माणसे वळून पाहू लागली. पाहू दिले. महागू मिस्त्रींच्या दुकानी जाऊनही खोटे मागे घेतले आहे. ते म्हणाले की नळी पाहिल्यावर त्यांना संशय होताच, पण गुरुजी खोटे कसे बोलतील.

माझ्याबद्दल ज्यांना जे वाटेल ते वाटो. त्यात माझी बाजू कोणी मांडू नये. राजेगावी ज्याच्या हाती हे पत्र पडेल त्याने गोदाबाई आत्यांस ते मोठ्याने आणि दोनदा वाचून दाखवावे, आणि त्या काय म्हणाल्या ते मला नव्हे, माणिकला लिहून कळवावे. येत्या खंडेनवमीला रायफलीची पूजा आमच्या घरी होईल. हळदकुंकू आणि एक फूल, एवढीच. पूजेला माझ्या जागी प्राची बसेल. माणिकने यावे असे मी म्हणत नाही. आला तर पाट मांडलेला असेल, न आला तरी असेल.

ज्यांना लोभ ठेवता येईल त्यांनी ठेवावा. ज्यांना येणार नाही त्यांचेही मला मान्य आहे.

जो हे पत्र वाचेल, जो दुसऱ्यास वाचून दाखवेल, आणि ज्याला ऐकू येत नाही म्हणून ते हाती धरून स्वतःच वाचावे लागेल, त्या सर्वांवर परमेश्वराची कृपा असो. त्यांच्या घरात कोणाचाही खरा शब्द वाया न जावो. सर्वांचे कल्याण असो.

आपला,
गुणाकर