मन्हा भाचानी भट्टी शे

जळगाव,
१२ फेब्रुवारी १९९२

तीर्थरूप नाना,

शिंदखेड्याच्या दिशेला तोंड करून तुमच्या हिलालचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी वाळवून पाठवलेल्या ज्वारीच्या बिबड्या पोचल्या. (निम्म्या मित्रांनी कच्च्याच खाल्ल्या.) माझी तब्येत ठीक आहे. अब्रू मात्र अत्यवस्थ आहे, आणि त्याला तुम्हीच कारण आहात. मामावर रागावता येत नाही, म्हणून तर एवढं लांब पत्र लिहितो आहे.

तुम्ही शिरपूरच्या तोताराम आबांकडे माझ्यासाठी त्यांच्या मुलीचा विषय काढलात आणि सांगितलंत, "मन्हा भाचानी जळगावले भट्टी शे." हेतू चांगला, वाक्यही खरं. पण नाना, आपल्याकडे झाडीत, नाल्याकाठी ज्या भट्ट्या लागतात त्यांतून काय गळतं हे तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि आबा तर गळ्यात माळ घालणारे! माणूस भला. नकार कळवण्याआधी डोळ्यांनी पाहून घेऊ म्हणून, नशिराबादला लग्नाला जाता जाता, मुलीला म्हणजे मंजुळाला घेऊन परवा थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत हजर झाले.

आता माझं काम काय ते एकदा सांगूनच टाकतो. अनारशाला पडते तशी बारीक जाळी असलेला निकेलचा तुकडा मी बनवतो. गार असतो तोवर गुणी. फार तापला की जाळीच्या भिंती मऊ पडतात, शेजारची भोकं एकमेकांत शिरतात, काही बुजतात, आणि जाळीची जाळी राहत नाही. म्हणून भोकांच्या आतून, उष्णता सोसणाऱ्या पांढऱ्या भुकटीचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे ती आगीतही तग धरते. संशोधन एवढंच. (एवढंच म्हणण्यात तीन वर्षं गेली.)

तर आबा आले तेव्हा तुकडा भट्टीत होता. तो काळा पडू नये म्हणून आत नायट्रोजन सोडलेला. तो वायू बाहेर पडायला नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत, बाटलीत बुडबुडे. शेजारी तुकडे धुवायच्या स्पिरिटचा कॅन, त्याचं झाकण नेमकं उघडं. आबांनी भट्टी पाहिली, नळी पाहिली, बाटली पाहिली, एक दीर्घ श्वास घेतला आणि उपरण्यानं नाक झाकून म्हणाले, "माले बठ्ठं समजनं." (सगळं समजलं म्हणे!) ते साधं पाणी आहे हे पटवायला मी बाटली काढून दोन घोट पिऊन दाखवले. (हे करायला नको होतं.) आबांनी डोळेच मिटून घेतले. इकडे नळी उघडी पडली, भट्टीत हवा शिरली आणि महिन्याभराच्या मेहनतीचा तुकडा काळा ठिक्कर झाला. मी पुष्कळ समजावलं. त्यांनी एकच विचारलं, "पन भट्टीच शे ना?" मला खोटं बोलता येत नाही. "शे," म्हणालो. आबा जिना उतरायला लागले.

असो. मला त्याचं काही वाटत नाही. लग्नाची घाई तुम्हाला होती, मला नव्हती. मला संशोधन आहे, खोली आहे, बिबड्या आहेत. (होत्या.) तेव्हा हे स्थळ विसरावं, उगाच गुडघा दुखवत शिरपूरला जाऊ नये. मामींना नमस्कार.

तुमचाच,
हिलाल

ता. क. शिंदखेड्याहून शिरपूरला सकाळी एस.टी. असते, अशी चौकशी सहज करून ठेवली आहे.

आणखी ता. क. आबा जिन्यात होते तेव्हा मंजुळा मागे थांबली होती. टेबलावरचा एक तुकडा उजेडाकडे धरून तिनं विचारलं, "लेपानं ही भोकं बुजत नाहीत का?" बुजतात, नाना! जाड दिला तर बुजतात, पातळ दिला तर आगीत टिकत नाही, यातच माझा जीव अडकला आहे. आजवर सगळ्यांनी मला पगार विचारला, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात आबांनी खालून हाक मारली. उत्तर माझ्याकडेच राहिलं. मला ते तिलाच सांगायचं आहे, आणि सावकाश सांगायचं आहे. वर काय लिहिलं ते विसरा आणि शिरपूरला जा.

शेवटचा ता. क. होकार मिळाला तर तार करा. नकार मिळाला तर तार नको, तुम्ही स्वतः या.